नवी गादी बसली असे वाटते तेव्हा : दोष शोधण्याची आणि निस्तरण्याची रीत

नवी गादी घरात येऊन महिना-दोन महिने होत नाहीत तोच कमरेखाली खळगा जाणवू लागतो, सकाळी उठताना पाठ धरते आणि घरातले कोणीतरी म्हणते, "गादी बसली." या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कधी गादीचा पृष्ठभाग खरोखरच एका जागी खाली गेलेला असतो आणि अंगाचे वजन निघाल्यावरही तो वर येत नाही. कधी गादी सपाटच असते, पण झोपल्यावर शरीर हवे त्यापेक्षा जास्त आत जाते. आणि कधी गादीला काहीही झालेले नसते, तिच्याखालचा पलंग वाकत असतो. पहिल्या तक्रारीसाठी हमीपत्र काढावे लागते, दुसरीसाठी परतीची मुदत पाहावी लागते आणि तिसरीसाठी सुताराला बोलवावे लागते. यातली नेमकी कोणती तक्रार आपली आहे हे न पाहता भांडायला गेले, की भांडण हमखास हरले जाते.

आमच्या घरी ७२ बाय ६० इंचांची, ८ इंच जाडीची फोमची गादी आली, तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात तिच्या मधोमध झोळ जाणवू लागला. दुकानदाराशी फोनवर दोनदा वाद झाला, तपासायला माणूस येऊन गेला आणि "गादी ठीक आहे" असा शेरा मारून गेला. त्याचा मला फार राग आला होता. पुढच्या रविवारी गादी उचलून भिंतीला टेकवली आणि पलंग पाहिला, तेव्हा तो माणूस खरे बोलला होता हे कळले. त्यानंतर ओळखीच्या काही घरांत अशीच तपासणी करण्याचा योग आला आणि त्यातून एक क्रम ठरून गेला : आधी गादीची मांडणी, मग पलंग, मग खुद्द गादी आणि सगळ्यात शेवटी झोपणाऱ्याचे शरीर. हा क्रम मोडू नये, कारण आधीची शंका मिटलेली नसेल तर पुढच्या मोजमापाला काही अर्थ उरत नाही.

मांडणी

हवा काढून गुंडाळलेली गादी उघडली की काही मिनिटांत फुगलेली दिसते, परंतु तिला पूर्ण जाडीवर येण्यासाठी साधारणपणे २४ ते ७२ तास लागतात आणि थंडीच्या दिवसांत त्याहून थोडा जास्त वेळ लागू शकतो. तीन दिवसांनी चारही कोपऱ्यांची आणि चारही बाजूंच्या मध्यांची जाडी पट्टीने मोजून गादीवरील लेबलावर छापलेल्या जाडीशी ताडून पाहावी. एखादा कोपरा किंवा एखादी बाजू तेव्हाही दबलेलीच असेल, तर "वापरता वापरता येईल वर" या आश्वासनावर न थांबता त्याच दिवशी लेखी कळवावे.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे. नवी वस्तू खराब होऊ नये म्हणून तिच्यावरचे प्लास्टिक वर्षानुवर्षे तसेच ठेवले जाते. टीव्हीचा रिमोट, सोफा आणि गादी यांत आपण भेद करत नाही. गादीच्या बाबतीत याची दुहेरी शिक्षा मिळते. ताणलेले प्लास्टिक अंगाखाली झोळीसारखे वागते, त्यामुळे वजन फोमवर पसरण्याऐवजी मध्याकडे ओढले जाते, आणि घामाचा ओलावा आत कोंडून राहतो. गादीवरून पाणी जाऊ नये असे वाटत असेल, तर त्यासाठी मिळणारे पातळ, चारही बाजूंनी इलास्टिक असलेले जलरोधक कव्हर घालावे आणि कारखान्याचे प्लास्टिक फाडून टाकावे.

यानंतर गादी उलटी तर घातलेली नाही ना, हे पाहावे. हा प्रश्न बावळटपणाचा वाटेल, पण हल्लीच्या अनेक गाद्या एकाच बाजूने वापरायच्या असतात. खाली घट्ट फोमचा आधार असतो आणि वर दोन-तीन इंचांचा मऊ थर असतो. मऊ थर खाली गेला तर संपूर्ण गादी पायाखालच्या चिखलासारखी हलते. खालच्या बाजूला बहुधा न घसरणारे, बारीक ठिपक्यांचे कापड असते आणि वरच्या बाजूला नक्षीची शिवण असते. गादीच्या कापडाला चेन (झिप) असेल तर ती उघडून आतले थर पाहता येतात, मात्र त्यापूर्वी हमीपत्रात चेन उघडण्यास मनाई नाही ना, हे वाचून घ्यावे.

मापाचेही असेच आहे. बाजारात ७२, ७५ आणि ७८ इंच अशा तीन लांबीच्या गाद्या सर्रास मिळतात, तर सुताराने केलेला पलंग यांपैकी कोणत्याच मापाचा नसतो. कडा उचललेल्या चौकटीत अर्धा-पाऊण इंच मोठी गादी दाबून बसवली की ती मध्ये फुगते किंवा एका बाजूने उचलली जाते, आणि लोक त्यालाच खळगा समजतात. चारही बाजूंनी बोट सहज जाईल इतकी फट असली पाहिजे.

शेवटचे म्हणजे खालची जुनी गादी. नव्या फोमच्या गादीखाली आजीच्या काळातली कापसाची गादी "उगाच टाकायची कशाला" म्हणून ठेवलेली असते. त्या गादीच्या मध्यभागी वर्षानुवर्षांचा खळगा असतो आणि नवी गादी तो इमानेइतबारे आपल्या पृष्ठभागावर उतरवते. खालची गादी काढून टाकल्याबरोबर निम्मी तक्रार संपल्याचे मी पाहिले आहे.

पलंग

मांडणी ठीक असेल तर गादी सरळ जमिनीवर घालावी आणि दोन-तीन रात्री तिथेच झोपावे. फरशीइतका सपाट आणि न वाकणारा आधार घरात दुसरा नसतो. जमिनीवर खळगा जाणवला नाही आणि पलंगावर जाणवला, तर गादी निर्दोष आहे असे समजायला हरकत नाही. ही चाचणी करताना मात्र, विशेषतः कोकणात, गोव्यात, मुंबईत आणि एकूणच पावसाळ्यात, गादी दिवसभर भिंतीला उभी करून ठेवावी, कारण अंगाची ऊब आणि थंड फरशी यांच्यामध्ये ओल धरते आणि चार-पाच दिवसांत खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके येऊ शकतात.

पलंग तपासण्यासाठी गादी पूर्ण बाजूला काढावी. गवंडी वापरतात तशी बारीक दोरी घेऊन ती पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून धरावी. दोरी आणि फळी यांच्यामध्ये अंतर दिसते का ते पाहावे आणि मग घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाला मध्यभागी बसवून तेच पुन्हा पाहावे. रिकामा असताना सरळ दिसणारा पलंग वजनाखाली किती वाकतो, हाच खरा प्रश्न असतो. आमच्या पलंगाची फळी रिकामी असताना अगदी सरळ होती आणि मी मध्ये बसल्यावर तब्बल १४ मिलीमीटर खाली गेली.

कारण शोधायला पलंगाखाली झोपावे लागले. दुहेरी पलंगाला मध्ये आडव्या तुळईखाली एक पाय दिलेला होता, परंतु खोलीच्या फरशीला गॅलरीकडे किंचित उतार असल्यामुळे तो पाय जमिनीला टेकतच नव्हता. वर्तमानपत्राच्या एका पानाची आठपदरी घडी त्याच्याखालून सहज इकडून तिकडे सरकली. म्हणजे दोन माणसांचे वजन इतके दिवस फक्त कडेच्या चार पायांवर होते आणि मधली तुळई शोभेला होती. सुताराने लाकडाची पाचर ठोकली, त्याला पाच मिनिटे लागली आणि त्याने पैसेही घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला.

आपल्या घरांत सामान ठेवण्याची सोय असलेला बॉक्स पलंग सर्वांत जास्त दिसतो, आणि त्याचे झाकण हीच त्याची दुबळी बाजू असते. खर्च वाचवण्यासाठी झाकणाला ६ मिलीमीटरचे प्लायवूड लावलेले असेल, तर ते दुहेरी पलंगाच्या रुंदीवर टिकाव धरत नाही. किमान १२ मिलीमीटर आणि आतमध्ये आडवे विभाजन नसेल तर १८ मिलीमीटर प्लायवूड हवे. झाकण उचलून त्याची कड पट्टीने मोजली की जाडी लगेच कळते. हायड्रॉलिक पलंगात लोखंडी चौकटीवर प्लायवूड बसवलेले असते. तिथे चौकटीचे आडवे पाइप किती अंतरावर आहेत, स्क्रू सैल झाले आहेत का आणि झाकण मिटल्यावर ते मधल्या फळीवर नीट टेकते का, हे पाहावे. दोन झाकणांच्या पलंगात एक झाकण दुसऱ्यापेक्षा दोन-तीन मिलीमीटर खाली बसलेले असते आणि नेमक्या त्या रेषेवर झोपणाऱ्याला वाटते की गादी दुभंगली आहे.

पट्ट्यांचा पलंग असेल तर दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा तीन इंचांपेक्षा जास्त नसावी. त्याहून मोठ्या फटीत फोम हळूहळू उतरतो आणि काही महिन्यांनी गादीच्या खालच्या बाजूला पट्ट्यांचे ठसे उमटलेले दिसतात. प्रत्येक पट्टी हाताने दाबून पाहावी. तडकलेली पट्टी करकरते किंवा इतरांपेक्षा जास्त लवते. नवारीचा पलंग, सुंभाची बाज किंवा जुनी लोखंडी कॉट यांच्यावर फोमची गादी घालणे हे मुळातच चुकीचे लग्न आहे. बाजेवर कापसाची पातळ गादी शोभते, कारण तिथे लवचीकपणा बाजेचा असतो. फोमला मात्र खालून ताठ आधार लागतो.

दुरुस्ती बहुतेक वेळा साधीच असते. पाय टेकत नसेल तर पाचर मारावी, पट्ट्यांमध्ये जादा पट्ट्या ठोकाव्यात, पातळ झाकणावर १२ मिलीमीटरचे दुसरे प्लायवूड टाकावे. हे प्लायवूड अखंड असेल तर सुताराकडून त्याला हातभर अंतरावर इंचभर व्यासाची भोके पाडून घ्यावीत, म्हणजे गादीच्या खालून हवा खेळते. पलंग दुरुस्त करण्यापूर्वी आणि केल्यानंतर, दोन्ही वेळा फोटो काढून ठेवावेत. पुढे हमीचा प्रश्न निघालाच तर त्यांचा उपयोग होतो.

गादीचे मोजमाप

जमिनीवरही खळगा जाणवत असेल तर आता गादीची पाळी. चादर, रजई, कव्हर, उशा सगळे काढून गादी सकाळपासून दुपारपर्यंत रिकामी राहू द्यावी, म्हणजे रात्रीचा दाब निघून जातो. मग तीच दोरी गादीच्या रुंदीवरून आडवी ताणावी, दोन्ही टोकांना जाड पुस्तके किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून ती घट्ट धरावी आणि सर्वांत खोल जागी स्टीलची पट्टी उभी धरून दोरीपासून कापडापर्यंतचे अंतर वाचावे. पट्टी टेकवावी, दाबू नये. पट्टीच्या टोकाला शून्याच्या आधी रिकामी जागा असेल, तर ती वाचलेल्या आकड्यात मिळवायची आठवण ठेवावी. अशी तीन मोजमापे घ्यावीत : खांद्याच्या जागी, कमरेच्या जागी आणि पोटरीच्या जागी. नंतर दुसऱ्या बाजूला झोपणाऱ्याच्या जागीही तेच करावे.

आकडा कसा वाचायचा हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. वरच्या कापडात शिवलेला मऊ थर अंगाखाली थोडा चेपतो, त्यामुळे पाच ते दहा मिलीमीटरचा उथळ ठसा हा नव्या गादीत नित्याचा आहे. अनेक हमीपत्रांत २५ किंवा ३८ मिलीमीटर, म्हणजे एक किंवा दीड इंच, खोल कायमचा खळगा पडल्याशिवाय दावा मान्य होत नाही, आणि हा खळगा वजन नसतानाचा असावा लागतो. आपल्या हमीपत्रातला आकडा शोधून मोजमापाच्या वहीत सर्वांत वर लिहून ठेवावा. मोजमाप त्याहून कमी आले तर दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी आणि त्याच पद्धतीने ते पुन्हा घ्यावे. ८, १२, १९ असे चढत जाणारे आकडे असतील तर फोम खचतो आहे. ८, ९, ९ असे थांबलेले असतील तर गादी स्थिरावली आहे.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. मऊ होणे आणि बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत सगळीकडे सारखा थोडा नरम पडतो, कारण त्याच्यातल्या सूक्ष्म कप्प्यांचे पापुद्रे वापराने मोकळे होतात. मेमरी फोमवर हवामानाचाही परिणाम होतो. तो उष्णतेने मऊ आणि थंडीने घट्ट होतो. विमानाच्या आसनांसाठी हा फोम १९६६ मध्ये अमेरिकेच्या नासासाठी काम करणाऱ्या चार्ल्स योस्ट यांनी तयार केला, तेव्हा नागपूरच्या मे महिन्यातली बंद खोली कोणाच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नव्हते. डिसेंबरात घट्ट वाटलेली गादी उन्हाळ्यात खोल वाटू लागली, तर पंखा किंवा कूलर लावून खोली थंड झाल्यावर पुन्हा झोपून पाहावे आणि मगच निष्कर्ष काढावा.

फोमचा कस पाहण्याचा घरगुती मार्ग म्हणजे वजन. दुकानात "३२ डेन्सिटी", "४० डेन्सिटी" असे सांगतात, तेव्हा त्याचा अर्थ एका घनमीटर फोमचे वजन तितके किलो असा असतो. ७२ बाय ६० इंचांच्या, ८ इंच जाड गादीचे घनफळ सुमारे ०.५७ घनमीटर भरते. म्हणजे ३२च्या फोमचे वजन १८ किलोच्या आसपास आणि ४०च्या फोमचे साडेबावीस किलोच्या आसपास असायला हवे, शिवाय वरच्या कापडाचे वजन निराळे. ७२ बाय ३६ इंचांच्या, ६ इंच जाड गादीसाठी ३२च्या हिशेबाने हा आकडा ८ किलोंच्या किंचित वर येतो. आंघोळीच्या खोलीतल्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग गादी कवेत घेऊन उभे राहावे आणि वजाबाकी करावी. मोठी गादी असेल तर तोल सावरायला दुसरे माणूस जवळ ठेवावे. वजन हिशेबापेक्षा बरेच कमी भरले तर फोम सांगितल्यापेक्षा हलका आहे. उलट वजन पुरेसे भरले म्हणून फोम उत्तम आहे असे मात्र सिद्ध होत नाही, कारण वजन वाढवण्यासाठी फोममध्ये भुकटी मिसळण्याची युक्ती धंद्यात जुनी आहे. डेन्सिटी आणि कडकपणा हेही एक नव्हे. हलका फोम सुरुवातीला कडक लागू शकतो आणि त्यामुळेच तो दुकानात हाताने दाबून फसायला होते.

इतर प्रकारांविषयी थोडक्यात. काथ्याच्या गादीत नारळाच्या सोडणाचा काथ्या रबराच्या चिकाने बांधलेला असतो. हा थर एकदा दबला की परत वर येत नाही, म्हणून तिथे पहिल्या महिन्यातला खोल खळगा गांभीर्याने घ्यावा. फोमच्या तुकड्यांपासून दाबून केलेला रीबॉन्डेड थर फार घट्ट असतो आणि तो सहसा बसत नाही. त्याच्या गादीत खळगा दिसला तर दोष बहुधा वरच्या मऊ थराचा असतो. स्प्रिंगच्या गादीवर हाताचा तळवा दाबत इंचाइंचाने फिरवावा. एकाच जागी हात धसत असेल किंवा कट्ट आवाज येत असेल तर स्प्रिंग सुटली आहे आणि त्यावर घरी करण्यासारखे काही नाही. कापसाची गादी गोळा झाली असेल तर ती पिंजून घ्यावी, हे सांगायला नकोच.

उन्हाचा मुद्दा मात्र सांगायलाच हवा. कापसाची गादी गच्चीवर उन्हात टाकून वर काठीने झोडपण्याची रीत योग्यच आहे, पण तीच माया फोमच्या किंवा रबराच्या चिकाच्या गादीला दाखवू नये. तीव्र उन्हाने फोम पिवळा पडतो आणि त्याचा पृष्ठभाग कालांतराने ठिसूळ होतो. त्याला सावलीतली, वाहती हवा पुरते.

शरीराची चाचणी

पलंग ताठ आहे, गादी सपाट आहे, मोजमाप थांबलेले आहे आणि तरीही पाठ दुखते, तर गादी आणि झोपणारा यांचे जमत नाही. याची खात्री करण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. अंगाला बसणारा बनियन किंवा कुर्ता घालून मानेच्या मागच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंत पाठीच्या कण्यावर पाच-सहा टिकल्या चिकटवाव्यात, नेहमीची उशी घेऊन कुशीवर झोपावे आणि दहा मिनिटांनी कोणाला तरी पाठीमागून, पलंगाच्या उंचीवर कॅमेरा धरून फोटो काढायला सांगावे. टिकल्यांची रेषा पलंगाला साधारण समांतर असेल तर आधार पुरेसा आहे. रेषा कमरेशी खाली झुकत असेल तर गादी मऊ पडते आहे. खांद्याशी वर उचललेली असेल तर गादी कडक आहे आणि खांद्याला जागा मिळत नाही. फक्त मानेशीच बाक दिसला तर दोष गादीचा नसून उशीचा आहे, कारण नव्या मऊ गादीत शरीर खाली गेले की जुनी जाड उशी डोके फार वर उचलते.

उताणे झोपणाऱ्याने कमरेच्या बाकाखाली तळहात सरकवून पाहावा. हात थोडा अडत पण जात असेल तर ठीक. अख्खी मूठ मोकळी फिरत असेल तर गादी कडक आहे, आणि हात शिरतच नसेल तर नितंब आत गेले आहेत. दोघांच्या वजनात वीस-पंचवीस किलोंचा फरक असेल, तर हलक्या माणसाला गादी उतरती लागते आणि रात्री तो घरंगळत मध्यावर येतो; ही तक्रार जोडीदाराविषयी म्हणून मांडली जाते, पण ती फोमविषयी असते.

"पाठदुखी आहे ना, मग कडक गादीच घे" हा सल्ला आपल्याकडे इतका रुजला आहे की त्याविषयी दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. स्पेनमध्ये दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर केलेला आणि २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो, की कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झाला. गादीच्या नावात 'ऑर्थो' असणे हे कडकपणाचे वर्णन समजावे, औषधाचे नव्हे. कापसाच्या किंवा जमिनीवरच्या अंथरुणातून थेट फोमवर गेलेल्या माणसाला अंग सरावण्यासाठी दोन-तीन आठवडे लागतात, तेवढा काळ द्यावा. मात्र दुखणे कमरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर होत असेल तर गादीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखे वाटत असेल तर त्याच दिवशी जावे.

काय करता येते आणि काय येत नाही

गादी सपाट पण मऊ असेल तर तिच्याखाली प्लायवूड टाकून ती कडक होत नाही. प्लायवूड वाकणाऱ्या पलंगाचे औषध आहे, मऊ फोमचे नव्हे. अशा गादीवर दोन इंचांचा घट्ट लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा, किंवा रीबॉन्डेड फोमचा थर घालून पाहता येतो. उलट गादी कडक असेल तर दीड-दोन इंचांचा मऊ थर किंवा चक्क एक पातळ कापसाची गादी वर घातली की काम भागते, आणि माझ्या मते हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ तोडगा आहे. खळगा पडलेल्या गादीवर मात्र कोणताही थर घालू नये, तो खळग्याचाच आकार घेतो. निकाल लागेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून खळग्याच्या बरोबर खाली, गादी आणि पलंग यांच्यामध्ये, पातळ चादरीची चौपदरी घडी ठेवता येते. तपासणीचा माणूस येण्यापूर्वी ती काढायला विसरू नये.

गादीची दिशा फिरवणे, म्हणजे डोक्याची बाजू पायाकडे करणे, पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर दर तिमाहीला करावे. पालथी मात्र तीच गादी घालावी, जिच्या लेबलावर दोन्ही बाजूंनी वापरण्याची परवानगी आहे.

तक्रार

मोजमापाने खळगा सिद्ध होत असेल तर आधी परतीची मुदत पाहावी. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अनेक गाद्यांवर शंभर रात्रींची वगैरे चाचणीची मुदत असते आणि ती चालू असताना हमीचा दावा करणे हा तोट्याचा व्यवहार आहे, कारण परतीला कारण सिद्ध करावे लागत नाही आणि हमीला ते लागते. परतीची अटही नीट वाचावी. काही विक्रेते किमान ठरावीक रात्री वापरल्याशिवाय परतीची विनंती स्वीकारत नाहीत.

हमीचा दावा ईमेलने करावा, फोनवर केला तरी त्याच दिवशी त्याचा सारांश ईमेलने पाठवावा. त्यासोबत बिल, गादीवरील लेबलाचा स्पष्ट फोटो, दोरी आणि पट्टी दोन्ही दिसतील असा खळग्याचा फोटो, तारखांसह मोजमापांचा तक्ता आणि गादी काढलेल्या पलंगाचा फोटो जोडावा. पलंगाचा फोटो न मागता पाठवावा, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो. दुसरा आक्षेप डागांचा असतो; चहाचा किंवा लहान मुलाचा एक डागही अनेक हमीपत्रांनुसार दावा फेटाळायला पुरतो, म्हणून कव्हर पहिल्या दिवसापासून घालावे. मजकूर साधा असावा : "दि. अमुक रोजी खरेदी केलेल्या गादीवर, वजन नसताना, कमरेच्या जागी ३१ मिलीमीटर खोल खळगा आहे. आधार १८ मिलीमीटर प्लायवूडचा असून सपाट आहे. हमीपत्रातील अमुक कलमानुसार गादी बदलून मिळावी." पाठदुखीचे वर्णन त्यात घालण्याचा मोह टाळावा, त्याने दाव्याला बळ मिळत नाही आणि चर्चा भलतीकडे जाते.

ऑनलाइन खरेदी असेल तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रार सोडवणे अपेक्षित आहे. त्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करावा. त्यापुढचा मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळुरूचा, तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून ती ऑनलाइनही दाखल होते. तोवर मोजमापाची वही, गादीचे लेबल आणि बिल जपून ठेवावे. बिलाची शाई उडते, म्हणून त्याची झेरॉक्स काढून घ्यावी. बदली गादी आलीच, तर ती पलंगावर चढवण्यापूर्वी आधी दोरी ताणून पलंग पुन्हा एकदा तपासावा आणि गादी उघडल्यावर तिसऱ्या दिवशी तिचे पहिले मोजमाप, तारीख घालून, त्याच वहीत नोंदवावे.